शितावरून घोड्याची परीक्षा

फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी झाली, की सोमवारी सकाळी लोकलपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत निकालपत्रं वाटायला सुरुवात होते. 'जिंकला ना, तोच लंबी रेस का घोडा!' 'चौथा आलाय त्याच्यात दमच नाही, त्याला १६०० मीटरच पळवा.' मंडळी, हे सगळं २४०० मीटरच्या एकाच रेसवरून बरं का!

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक आणि आचही एक. रेसमध्ये प्रत्येक घोड्याला आच वेगळी लागते. सुरुवातीचे १८०० मीटर सगळे रमतगमत गेले, तर शेवटी उरते ती नुसती ६०० मीटरची धावाधाव. तिथे चपळ घोडा जिंकतो, दमसासाची परीक्षाच होत नाही. उलट सुरुवातच वेड्यासारखी झाली, तर पुढचे फुटतात आणि मागून निवांत येणारा 'स्टेयर' म्हणून मिरवतो. एकूण वेळ बघून यातलं काही कळत नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून सिस्टीम उत्तम चाललीय म्हणणाऱ्या मॅनेजरला आपण हसतो ना? मग इथे तेच का करतो?

१९७३ ची केंटकी डर्बी घ्या. सेक्रेटेरिएटने दोन मिनिटांच्या आत, १:५९.४ मध्ये ती जिंकली. पण खरी बातमी आत होती. त्याने प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात काढला. तरी 'बोल्ड रूलरची पोरं दीड मैल टिकत नाहीत' हे पालुपद चालूच होतं. पुढे दीड मैलाची बेलमाँट त्याने ३१ लेंग्थने मारली. बापाचं नाव वाचणाऱ्यांनी घोड्याची धाव वाचली असती तर!

याच्या उलट कॅमेलॉट. २०१२ मध्ये २००० गिनीज आणि एप्सम डर्बी जिंकून तो सेंट लेजरला उतरला. अंतर २९०० मीटरच्या वर. मागे रोखून धरलेला, शेवटी अंतर कापत आला आणि पाऊण लेंग्थने हरला. लगेच शिक्का: 'दम कमी पडला.' अहो, जो शेवटच्या टप्प्यात पुढच्याला गाठत होता, त्याचा दम कसा संपला? प्रश्न तो कुठून निघाला हा होता.

कुणी म्हणेल, आता जीन टेस्ट आहे. आहे ना. मायोस्टॅटिन जीनवरून घोड्याचा कल कमी अंतराकडे की लांब, याचा अंदाज येतो, हे २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं. पण कल म्हणजे निकाल नव्हे.

आणि हे नुसतं गप्पांपुरतं नसतं. या शिक्क्यांवरून घोडा कुठे पळणार आणि पुढे स्टडफार्मवर त्याची किंमत काय होणार, हे ठरतं. डर्बी घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. चुकीच्या अंतरावर ताणला गेलेला घोडा अप्रेझल फॉर्मवर 'मला मान्य नाही' लिहू शकत नाही.

म्हणूनच मला हेन्री सेसिल मोठे वाटतात. २०११ ची गिनीज फ्रँकेलने ६ लेंग्थने उडवली. तरी सेसिलनी त्याला डर्बीला नेलं नाही. वर्षभर मैलाच्या आसपासच ठेवलं आणि २०१२ मध्ये यॉर्कला, सव्वा मैलाच्या थोडं वर, पहिल्यांदा लांब सोडलं. ७ लेंग्थने जिंकला! १४ पैकी १४ जिंकून निवृत्त झाला. दीड मैल कधीच पळला नाही, पण त्याच्या पोराने, अदायारने, २०२१ ची एप्सम डर्बी जिंकली. घ्या, आता काय शिक्का मारता?

तेव्हा पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी तीनच गोष्टी बघा. सुरुवातीचा वेग काय होता, आपला घोडा तेव्हा कुठे होता, आणि शेवटच्या ४०० मीटरमध्ये तो अंतर कापत होता की गमावत होता. मग त्याची अजून एक रेस होऊ द्या. तोवर 'माहीत नाही' म्हणायला काय हरकत आहे? त्याला दम लागतो, पण तो आपल्याला!