एनबीएचे निकष बदलले. प्रवेश घेताना आपण काय विचारायचे?

सीईटीचा निकाल लागला की पालक कॉलेजांची यादी घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात. नावापुढे 'एनबीए मानांकित' दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण एक गोष्ट नीट समजून घेऊ या. नॅक संपूर्ण कॉलेज तपासते, एनबीए मात्र एकेक शाखा तपासते. मेकॅनिकलला मानांकन असेल आणि त्याच कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या एआयच्या शाखेला नसेल, असे सहज होऊ शकते. दोन बॅचेस पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत नव्या शाखेला अर्जच करता येत नाही.

याने काय फरक पडतो? कुवेतमध्ये ज्यांचे कोणी आहे, त्यांना विचारा. २०१८ मध्ये तिथे इंजिनिअरचा परवाना वाढवण्यासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना-हरकत पत्र सक्तीचे झाले आणि भारतीय पदवीसाठी एनबीएचा शिक्का मागितला गेला. एनबीएची स्थापनाच १९९४ ची. त्याआधी शिकलेले, वर्षानुवर्षे तिथे नोकरी करणारे लोकही अडकले. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. पदवी हातात असूनही माणूस कसा अडतो, ते तेव्हा कळले.

भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, मलेशिया अशा देशांत आपल्या पदवीला समान दर्जा मिळण्याचा रस्ता खुला झाला. पण तो फक्त टियर-१ मानांकनाला, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठ विभागांना. संलग्न कॉलेजांचे मानांकन टियर-२ चे असते, ते या करारात बसत नाही. जाहिरातीत हा फरक सहसा लिहिलेला नसतो.

आता नवे काय? २०२५ पासून एनबीएने आंतरराष्ट्रीय चौकटीनुसार नवे निकष लागू केले आहेत. विद्यार्थ्याला काय काय यायला हवे, याचे १२ मुद्दे होते, ते ११ झाले. समाज आणि पर्यावरण हे दोन वेगळे मुद्दे एकत्र आले. नीतिमत्ता, संघात काम करणे, संवाद, आयुष्यभर शिकत राहणे, हे सगळे आहेच. म्हणजे इमारत आणि लॅब दाखवून भागणार नाही, मुलगा किंवा मुलगी प्रत्यक्षात काय शिकली, ते दाखवावे लागेल.

हेतू चांगला आहे. पण शिकवणारा माणूसच नसेल तर हे साधणार कसे? एआयसीटीईने २०१८ मध्ये एका शिक्षकामागे १५ विद्यार्थ्यांचे प्रमाण २० वर नेले. एकीकडे अपेक्षा वाढवायच्या आणि दुसरीकडे वर्गात गर्दी, हे काही जुळत नाही. फायली भरणे सोपे असते. वर्गातले आम्ही हे चांगले जाणतो.

म्हणून फी भरण्याआधी अम्मी-अब्बांनी न लाजता चार प्रश्न विचारावेत. मानांकन नेमके कोणत्या शाखेला आहे? कोणत्या वर्षापर्यंत आहे? टियर कोणता? त्या शाखेत कायम शिक्षक किती? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे एनबीएच्या वेबसाइटवरच्या यादीशी पडताळून पाहा. कोणी दागिने मोडून, कोणी कर्ज काढून मुलींना शिकवत आहे. त्या पैशाचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.