गावाचं शहर होताना वस्तीचा सातबारा कोण वाचतंय?

तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या पोरांच्या तोंडी हल्ली एक वाक्य हमखास असतं, "आता हे गाव राहिलं नाही, शहर झालं. इथं जात कोण विचारतो?" वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून आधी खऱ्या निम्म्याबद्दल बोलू.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं आगर म्हणजे खेडं, हे त्यांचं मत अनुभवातून आलेलं होतं. गाव वाढलं तशी गावकीची पकड सुटली, हे आम्ही रोज पाहतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळ्यांना एकाच कपात चहा मिळतो. आपल्या मुली स्कूटीवर कॉलेजला जातात, अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत बसतात. मोबाईल दुरुस्तीचं, झेरॉक्सचं दुकान आपल्या पोरांनी टाकलंय. यातलं काहीही आम्हाला परत द्यायचं नाही. मातीच्या वासावर ज्यांना कविता करायच्या त्यांनी खुशाल कराव्यात. त्या मातीनं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं होतं.

आता उरलेलं निम्मं. 2014 नंतर राज्यात तालुक्याच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. मंठा, बदनापूर, आष्टी, पाटोदा, वडवणी, कुठंही जाऊन बघा. पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आला, सतरा नगरसेवक आले. महामार्गाच्या कडेनं देवादिकांच्या नावाच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. त्या कॉलनीत भाड्यानं खोली बघायला गेलेल्या आपल्या शिक्षकाला आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही, तर "मूळ गाव कुठलं, तिथं कोणत्या आळीत राहता?" इथपर्यंत चौकशी जाते. मग खोली "कालच गेलेली" असते. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय सरकारनं 2020 साली घेतला, तो चांगलाच होता. वस्ती मात्र आहे तिथंच आहे, ओढ्याच्या खालच्या अंगाला, आणि वरच्या कॉलन्यांचं सांडपाणी आता तिच्या दारातून वाहतं.

तरीही खोली न मिळणं ही आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट नाही. अपमान दिसतो, म्हणून त्यावर आपण बोलतो, मोर्चा काढतो. जमीन जाते ती कागदावर, मुकाट्यानं.

गाव वाढतं ते बाहेरच्या बाजूला, आणि गावाच्या बाहेर कोणाला बसवलं होतं हे सांगायला नको. वतनाच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी गावाच्या कडेलाच आहेत. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं संपली, जमिनी पूर्वीच्या वतनदारांना नवीन शर्तीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं असतं ते याचमुळं. अशी जमीन बिगरशेती कामासाठी विकायची तर सरकारची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो. काल जिथं ज्वारी धड येत नव्हती, तिथून आज बायपास जातोय. मग चांगले कपडे घातलेला एक माणूस वस्तीत येतो, म्हाताऱ्याला 'काका' म्हणतो. विसार देतो, साठेखत करतो, मुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. परवानगीचं "आम्ही बघून घेऊ" म्हणतो. सहा वारसदारांपैकी दोघांच्या हातात पैसे पडतात, चौघांना प्लॉट पडल्यावर कळतं. आणि एजंट बहुतेक वेळा आपल्यातलाच, 'जय भीम' घालणारा असतो, हेही लिहिलंच पाहिजे.

ज्यांना वतन नव्हतं त्यांची घरं गायरानावर. 1 जानेवारी 2011 पूर्वीची सरकारी जमिनीवरची राहती घरं नियमित करण्याचं शासनाचं धोरण आहे. त्यासाठी जुना पुरावा लागतो. ग्रामपंचायतीच्या काळातली घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादी. पत्र्याच्या पेटीत तळाला पडलेला तो कागद म्हणजे घर आहे. तो नसेल तर घरकुलाची फाईलही हलत नाही. त्यातच केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा होता ग्रामीण भागापुरता, त्यामुळं गाव शहर झालं आणि जॉबकार्ड बाद झालं. म्हणजे रोजगाराचा गावातला हक्क गेला आणि शहरातली घरपट्टी आली.

शहर कुठं वाढणार हे ठरवतो विकास आराखडा. त्याचं प्रारूप जाहीर होतं, नकाशा कार्यालयात लागतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. कोणत्या गटात बाग, कोणत्या गटात भाजी मंडई, रस्ता किती रुंद, सगळं त्यात असतं. प्लॉटिंगवाले पहिल्याच दिवशी तो नकाशा घेऊन जातात. आपली पोरं त्या वेळी जयंतीच्या डीजेचं बुकिंग करत असतात. हे बोलणं काहींना झोंबेल, झोंबू द्या. जयंती झालीच पाहिजे. पण वर्गणीतल्या हजार-दोन हजारांत वस्तीतल्या सगळ्या गटांचे उतारे निघतात, फेरफार निघतात.

आम्ही काही जणांनी हे काम सुरू केलंय. दर रविवारी वंदना झाली की विहारातच सतरंजीवर कागद मांडतो. ज्याच्या घरी वतनाची जमीन आहे त्यानं सातबारा आणि जुने फेरफार आणावेत. गायरानावर घर असेल त्यानं 2011 च्या आधीची जी पावती सापडेल ती आणावी, फाटकी असली तरी चालेल. आणि आयांना, आज्यांना सोबत आणा. कोणत्या साली कुणाचं छप्पर कुठं पडलं, ते त्यांनाच आठवतं.