मुलांचे डोळे आणि घरांतील वडीलधारीं

चष्म्याचा नंबर वर्षांत दोनदां बदलला कीं त्याचा ठपका मुलाच्या वाचनावर किंवा मोबाइलवर ठेवून मोकळें व्हावें, अशी घरोघरीं चाल पडली आहे. पुष्कळदां कारण साधेंच असतें. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत तें निराळें असतें, व तेथें दवडलेला वेळ भरून येत नाहीं. म्हणून या महिन्यांत ‘केरॅटोकोनस’ या विकाराविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ग्रीक भाषेंत ‘केरास’ म्हणजे शिंग व ‘कोनोस’ म्हणजे शंकु. पैकीं पहिला शब्द आपल्या ‘शृंग’ शब्दाचा दूरचा आप्तच होय. बुबुळावरील काचेसारखें स्वच्छ पटल सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतें. या विकारांत तें पातळ होत जाऊन शंकूसारखें पुढें येतें. मग प्रकाशकिरण एका जागीं मिळत नाहींत, अक्षरांना सावल्या फुटतात, आणि साधा चष्मा पुरा पडत नाहीं. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या वैद्यानें १८५४ सालींच याचें सविस्तर वर्णन केलें आहे. विकार बहुधा पौगंडावस्थेंत सुरू होतो. आणि वय जितकें लहान, तितकी त्याची धांव अधिक.

दिवेलागणीस भाजी आणावयास मंडईंत जातांना मुलास बरोबर न्यावें. १८८६ सालीं रे मार्केट म्हणून उघडलेल्या व आज महात्मा फुल्यांचें नांव धारण करणाऱ्या या वास्तूंत गाळ्यागाळ्यांवर दिवे असतात. त्यांपैकीं एकाकडे, आधीं एक व मग दुसरा डोळा झांकून, पाहावयास सांगावें. कारण दोन्ही डोळे उघडे असतां चांगला डोळा वाईटाची उणीव झांकून टाकतो. एकाचे दोन-तीन दिवे दिसले, किंवा दिव्यास शेपटें फुटलीं, तर चष्म्याच्या दुकानांत न जातां नेत्रतज्ज्ञांकडे जावें. दिवा नीट दिसला तरी नंबर वारंवार बदलत असल्यास निर्धास्त राहूं नये. खरा निकाल पटलाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावरच लागतो.

उपाय आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें सिद्ध झालेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पद्धतींत डोळ्यांत ‘ब-२’ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यानें पटलांतील तंतूंची वीण घट्ट होते. मात्र यानें विकार बहुधा थांबतो, गेलेली दृष्टि परत येत नाहीं. पुढें स्पष्ट दिसण्यास कठीण कॉन्टॅक्ट लेन्स लावावी लागते, आणि फारच वाढलेल्या विकारांत नेत्रदानांतून मिळालेल्या पटलाचें रोपण करावें लागतें.

घरचें काम एवढेंच कीं मुलास डोळे चोळूं देऊं नयेत, आणि खाज सुटत असल्यास तिच्यावर औषध घ्यावें. मध, तूप किंवा दुसऱ्या कोणासाठीं आणलेले थेंब डोळ्यांत घालूं नयेत. एकत्र कुटुंबांत आजी म्हणते, “वाढतें वय आहे, सुटेल”; काका म्हणतात, “परीक्षा तर होऊं द्या”; आणि सहा महिने निघून जातात. परीक्षा पुढल्या वर्षीं देतां येते. डोळे दाखविण्यास या आठवड्यांतच जावें, अशी आमची वडीलधाऱ्यांस विनंति आहे.