कॅमेऱ्यातलं कोरलेलं नाव

मुलांनो,

पावसाळा सरला की आमच्या डोंबिवलीच्या शाळेची एक छोटी सहल ठरलेली असते. या वेळी चौथीचा वर्ग घेऊन ठाण्याला येऊरला गेलो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सदतीस मुलं, सदतीस डबे आणि सगळ्यांत मिळून एक जुना कॅमेरा. प्रत्येकाने तीनच फोटो काढायचे, हा माझा नियम.

वाटेत एक कांडोळ लागला. पाहिलाय का कधी तुम्ही कांडोळ? पांढरट-गुलाबी, गुळगुळीत खोडाचं झाड. चांदण्यात ते इतकं उजळ दिसतं की काही ठिकाणी त्याला भुत्या म्हणतात. त्या सुंदर खोडावर कुणीकुणी नावं कोरलेली होती. एक बदाम, त्यात बाण, आणि खाली ‘२०११’. आमच्या एका पठ्ठ्याने आपले तिन्ही फोटो त्या नावांवरच खर्च केले!

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, नाव कोरणं वाईट, तर मग त्याचा फोटो काढणंही वाईटच ना? सगळ्यांनी बघावं म्हणूनच तर ते कोरतात.”

पठ्ठ्या चिडला. “मी कुठे कोरलंय? मी तर पुरावा घेतलाय!”

खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. “उद्या वर्गात बोलू,” म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकांना ही एक सोय असते.

दुसऱ्या दिवशी आधी झाडाची गोष्ट काढली. सालीच्या आतल्या थरात रसवाहिन्या असतात. पानांत तयार झालेलं अन्न त्यांतून खाली मुळांपर्यंत जातं. सुरीचं टोक साल फोडून आत गेलं की ती वाट तेवढ्या जागी तुटते आणि जखमेतून बुरशीला, किड्यांना दार मिळतं. खोडाभोवती सगळीकडून साल गेली तर झाड मरतं. “पण बाई, झाड वाढलं की नाव वर जाईल ना, दिसणारच नाही,” एकाने विचारलं. नाही बरं का! झाड उंचीला वाढतं ते शेंड्याकडे. खोड तिथल्या तिथे जाड होत जातं. त्यामुळे नाव आहे त्याच उंचीवर राहतं आणि वर्षावर्षाला रुंद, वेडंवाकडं होतं.

मग मी त्यांना त्याच उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांची गोष्ट सांगितली. तिथे जायची वाट बोरिवलीकडून. कान्हेरीच्या कातळावर कितीतरी नावं कोरलेली आहेत आणि त्यांत आपल्या कल्याणची माणसंसुद्धा आहेत! कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदवून दिलं, आणि तसा लेख ब्राह्मी लिपीत कोरला गेला. ते नाव दानाबरोबर आलं. ज्यांचं लेणं, त्यांच्यासाठीच ते टाकं होतं.

पण ९० क्रमांकाच्या लेण्यात आणखी काही नावं आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी लेणी बघायला आली होती. त्यांनी आपली नावं आणि तारखा पहलवी लिपीत भिंतीवर कोरल्या. दान नाही, टाकं नाही. आले, पाहिलं, नाव कोरलं आणि गेले! आज अभ्यासकांना तेच लेख मोलाचे वाटतात, कारण हजार वर्षांपूर्वी या भागात पारशी लोक येत-जात होते, याचा तो तारखेसकट पुरावा आहे.

वर्गात एकच गलका झाला. “म्हणजे बाई, हजार वर्षांनी तो बदामही इतिहास होणार?”

बघा, मुलं कशी कोंडीत पकडतात! मग अजिंठ्याची गोष्ट सांगावीच लागली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला आणि १० क्रमांकाच्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. कशावर? बोधिसत्त्वाच्या रंगवलेल्या चित्रावर. आज ते नाव आपल्या डोक्यापेक्षाही उंचावर आहे, कारण तेव्हा लेणं मातीदगडांनी भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. त्या खरवडण्यामुळे आपल्याला तारीख मिळाली, हे खरं. पण चित्राचा तेवढा भाग गेला तो गेलाच. तारीख त्याला आपल्या वहीतही लिहिता आली असती की!

आज संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा १९५८ चा आहे, शिक्षा २०१० मध्ये वाढवली. आणि राष्ट्रीय उद्यानातल्या झाडाला इजा करायलाही कायद्याने मनाई आहे.

आता फोटोचं. माझं मत असं की नुसता फोटो काढल्याने झाडाचं की दगडाचं काहीच जात नाही. मात्र काही जण अक्षरं फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरतात, पाणी ओततात, शेवाळ खरवडतात. तिथे फोटो काढणाराही कोरणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. पालकहो, हे मी मोठ्या माणसांना करताना पाहिलंय, म्हणून तुम्हालाही सांगते. जुन्या लेखांवर ओला कागद ब्रशने ठोकून ठसा घेतात हे खरं, पण ते तज्ज्ञांचं काम.

आपल्यासाठी सोपी युक्ती आहे. रात्री खोलीत अंधार करा, टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवा. आधी अगदी वरून बॅटरीचा उजेड पाडा, मग बॅटरी आडवी धरून बाजूने. बाजूच्या उजेडात अक्षरांच्या बारीक सावल्या पडतात आणि झिजलेलं नाणंसुद्धा वाचता येतं. दगडावरचा लेखही असाच सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हं तिरपी असताना टिपायचा. हात लावायची गरजच नाही.

एवढं सगळं सांगून मी जरा ऐटीत खुर्चीवर बसले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला. “बाई, तुम्ही कधी कोरलंय?”

काय सांगू! डी.एड.ला असताना मैत्रिणींबरोबर एका किल्ल्यावर गेले होते. तटाच्या एका दगडावर मी कर्कटकाच्या टोकाने माझं नाव कोरलं होतं. चांगला अर्धा तास खपून. क्षणभर वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण सदतीस जोडी डोळे माझ्याकडे लागलेले. सांगितलं. वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू आले.

नंतर सहलीच्या भित्तिपत्रकाचं ठरवायचं होतं. कांडोळाचा फोटो लावायचा, यावर एकमत झालं. पण मागच्या बाकावरच्या मुलीने सुचवलं, नावांवर कागदाची पट्टी चिकटवू या, म्हणजे जखम दिसेल पण नाव दिसणार नाही. पठ्ठ्याचं म्हणणं, मग पुरावा कसला? हात वर करून मतं घेतली. पट्टीच्या बाजूने एकवीस, विरुद्ध सोळा. पट्टी लागली. पठ्ठ्या दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हता, आता बोलतो.

तुमच्या वर्गात काय ठरलं असतं? मला पत्राने जरूर कळवा.

आणि हो, वर्गाने मलाही काम दिलंय. दिवाळीच्या सुट्टीत त्या किल्ल्यावर जायचं, तो दगड शोधायचा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढून आणायचा. त्याच्यावर पट्टी लावायची की नाही, ते मुलं फोटो बघून ठरवणार आहेत.

तुमच्या,
बाई