मानधन कशाचे? कलेचे की उपस्थितीचे?

महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, पतसंस्थांचे रौप्यमहोत्सव, गणेशोत्सव, दहीहंड्या आणि कंपन्यांचे वर्धापनदिन या सर्व प्रसंगांत अलीकडे एक गोष्ट समान झाली आहे. निमंत्रणपत्रिकेवर कार्यक्रमाच्या प्रयोजनाला जेवढी जागा मिळते त्याहून कितीतरी अधिक जागा पाहुण्याच्या छायाचित्राला मिळते. हा पाहुणा कधी चित्रपटातील नट असतो, कधी दूरचित्रवाणीवरील मालिकेची नायिका, कधी ‘प्रेरणादायी वक्ता’ म्हणून गाजलेला गृहस्थ, तर कधी समाजमाध्यमांवर लक्षावधी चाहते असलेला स्टँडअप कॉमेडियन. त्याला मिळवून देणारा मध्यस्थ असतो, मध्यस्थापाशी दरपत्रक असते आणि दरपत्रकाला जोडून विमानाची तिकिटे, उंची हॉटेलातील मुक्काम, सोबतची माणसे व ध्वनिव्यवस्था यांविषयीच्या अटींची यादी असते. समारंभ संपतो, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि सर्व खर्च ‘कार्यक्रम खर्च’ या एकाच शीर्षाखाली हिशेबात जाऊन बसतो. तो पैसा नेमका कशासाठी दिला गेला, हा प्रश्न वार्षिक सभेत सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला जाणे अत्यंत आवश्यक आहे.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, कलावंताने वा वक्त्याने पैसे घेण्यात कमीपणा वा गैर असे काहीही नाही. कलावंताने केवळ मानपत्रावर आणि श्रीफळावर समाधान मानावे, ही अपेक्षा करणारे स्वतः मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहत असतात. मराठी समाजाला ठरवून दिलेल्या बिदागीची परंपरा अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तेथे येतात, फड पाहतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन यात्रेची तारीख पक्की करतात. हा उघड व्यवहार आहे. त्यात गावाला काय मिळणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. गण, गौळण, बतावणी, वग असा भरगच्च खेळ रात्री उशिरापर्यंत उभा करावयाचा आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यावयाची. सुपारी कलेची असते, आणि कला कमी पडली तर गाव पुढच्या वर्षी दुसऱ्या फडाकडे जाते.

पैशासाठी व्यासपीठावर उभे राहणाऱ्या विनोदकाराचे एक मोठे उदाहरण मुंबईनेही पाहिलेले आहे. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यांची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली. कर्जाचा डोंगर उतरविण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या या लेखकाने १८९५ साली जगप्रवासास आरंभ केला आणि गावोगाव तिकीट लावून आपले विनोदी कथन सादर केले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत होते. १८९८ पर्यंत त्यांनी सर्व देणेकऱ्यांचे पैसे फेडले. हा माणूस उघडउघड पैशासाठी बोलत होता. परंतु ज्याने तिकीट घेतले त्याला त्या मोबदल्यात ट्वेन यांचे बोलणे मिळत होते. तेही लिहून, घोळवून, अनेक रात्री पारखून घेतलेले. केवळ दर्शन देऊन व हात हलवून ते परत गेले नाहीत.

आजच्या व्यवहाराचे मर्म नेमके येथे बदलले आहे. पूर्वी कलेचा मोबदला दिला जात असे. आता पुष्कळदा उपस्थितीचा दिला जातो. नट येतो तो अभिनय करण्यासाठी येत नाही. तो फीत कापतो, दोन वाक्ये बोलतो, एखाद्या चित्रपटातील संवाद म्हणतो, भ्रमणध्वनीतील छायाचित्रांसाठी उभा राहतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. व्याख्यात्याचेही तेच. ठाण्यात जे भाषण केले तेच नांदेडला आणि तेच कोल्हापूरला, मध्ये फक्त संस्थेचे नाव बदललेले. ज्या संस्थेने बोलाविले तिचे काम काय, तिच्यापुढे कोणते प्रश्न आहेत, श्रोते कोण आहेत, याची चौकशी करण्याची आवश्यकता त्याला वाटत नाही आणि तशी अपेक्षा निमंत्रकही करीत नाहीत.

कला आणि वलय यांतील हा भेद काल्पनिक नाही. करविषयक कायद्यालाही तो कळतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा लोककला किंवा अभिजात कला सादर करणाऱ्या कलावंताला, एका प्रयोगाचे मानधन दीड लाख रुपयांपेक्षा अधिक नसेल तर, त्या करातून सूट देण्यात आली. तोच कलावंत एखाद्या मालाचा प्रसिद्धिदूत म्हणून सेवा देत असेल तर मात्र ही सूट नाही, असेही त्याच तरतुदीत म्हटले आहे. गाणे, नाचणे वा नाट्य करणे वेगळे आणि नावाचे तेज भाड्याने देणे वेगळे, हे जर करअधिकाऱ्याला उमगते तर स्नेहसंमेलनाच्या समितीला उमगण्यास हरकत नसावी.

व्यासपीठाचे बाजारीकरण कसकसे होत जाते, याचा धडा अमेरिकेच्याच इतिहासात मिळतो. तेथे १८२६ साली जोसाया होलब्रुक यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलबरी या गावी ‘लायसियम’ नावाची नागरिकांची ज्ञानसभा सुरू केली. गावातील शिक्षक, कारागीर, शेतकरी यांनी एकत्र यावे, आपल्याला जे येते ते परस्परांना सांगावे, वादविवाद करावेत, हा तिचा हेतू होता. अशा सभा गावोगाव पसरल्या. पुढे बाहेरचे नामवंत बोलावण्याची प्रथा वाढली आणि १८६८ साली जेम्स रेडपाथ यांनी बोस्टनमध्ये व्याख्याते पुरविणारी कचेरीच थाटली. ट्वेनही त्याच कचेरीमार्फत व्याख्याने देत. कचेरीमुळे वक्त्यांना रास्त मोबदला मिळू लागला, हे खरे. परंतु ज्या सभा गावाने स्वतः बोलावे म्हणून जन्मल्या होत्या त्यांत गाव हळूहळू केवळ ऐकणारे, आणि पुढे केवळ पाहणारे झाले.

महाराष्ट्रातील व्याख्यानमालांनी हा धोका पुष्कळ काळ टाळला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेला २०२५ साली दीडशे वर्षे झाली. तिच्या पाठोपाठ गावोगावच्या वाचनालयांनी आपापल्या व्याख्यानमाला उभ्या केल्या. तेथे वक्ता बोलावला जाई तो विषयासाठी. आधी विषय ठरे, मग त्या विषयाचा अभ्यासक शोधला जाई. आज क्रम उलटा झाला आहे. आधी नाव ठरते, मग त्या नावाला झेपेल असा विषय शोधला जातो आणि तो बहुधा ‘यशाचा मंत्र’ किंवा ‘जगणे सुंदर आहे’ यांपैकी एखादा असतो.

आता पैसा कोणाचा, हा प्रश्न. एखाद्या उद्योगपतीने स्वतःच्या घरच्या विवाहात स्वतःच्या खिशातून नट नाचविले तर ती त्याची हौस. परंतु महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाचा निधी हा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जमलेला असतो. गणेशोत्सवाचा निधी वर्गणीचा असतो. पतसंस्थेचा निधी भागधारकांचा असतो. समजा, दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने प्रत्येकाकडून स्नेहसंमेलनासाठी १५० रुपये घेतले, तर ३ लाख रुपये जमतात. त्यांतील २ लाख रुपये अर्ध्या तासाच्या पाहुण्यावर गेले, तर उरलेल्या लाखात एकांकिका, वक्तृत्वस्पर्धा, भित्तिपत्रके, चित्रप्रदर्शन, नियतकालिक आणि पारितोषिके बसवावयाची. अशा वेळी नेपथ्याच्या खर्चाला कात्री लागते, एकांकिकेचा वेळ पाहुण्याच्या उशिरा येण्यात खर्ची पडतो आणि ज्या मुलाने महिनाभर तालमी केल्या त्याला ‘दहा मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी विंगेत मिळते. स्नेहसंमेलन हे मुळात त्या मुलासाठी होते. व्यासपीठावर प्रथम उभे राहताना पाय लटपटणे, शब्द विसरणे, सावरणे आणि टाळ्या मिळवणे हे शिक्षण त्याला दुसऱ्या कोणत्याही तासाला मिळत नाही. खरा तोटा आहे तो हा. तो जमाखर्चात दिसत नाही इतकेच.

विनोदकाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विनोदकार हा निदान काही सादर करतो. त्याचे मानधन कलेचे असते. परंतु त्याला बोलावणाऱ्या संस्था पुष्कळदा आधीच बजावतात, की राजकारणावर बोलू नये, धर्माचे नाव काढू नये आणि व्यवस्थापनाची तर मुळीच थट्टा करू नये. मग उरते काय? नवराबायकोचे भांडण, जाड्या माणसाची टिंगल आणि बोलीभाषांची नक्कल. कारकुनांनी संचालकांकडे एक डोळा ठेवून हसावे आणि संचालकांनी कारकून हसत आहेत ना हे पाहावे, असा तो सोहळा होतो. संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या पंक्तीला बसून राजाची थट्टा करीत असे. तमाशातील सोंगाड्या गावच्या पाटलाला पुढच्या रांगेत बसलेला पाहूनही कोपरखळी मारण्यास कचरत नसे. ज्याच्या विनोदाचे सर्व काटे आधीच काढून टाकले आहेत, त्या विनोदकाराचीही अखेर उपस्थितीच तेवढी उरते. ज्याला विनोद हवा असेल त्याने स्वतःवर हसून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती नसेल तर त्या पैशात कर्मचाऱ्यांना गोड जेवण द्यावे, ते अधिक प्रामाणिक होईल.

गाडगे महाराजांचे कीर्तन या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या गावात कीर्तन तेथील रस्ते आधी खराट्याने झाडावयाचे आणि मग श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच भाषेत त्यांना हसवीत, कर्ज काढून सण साजरे करण्याच्या, दारूच्या आणि पशुबळीच्या चालीवर कोरडे ओढावयाचे, ही त्यांची रीत. लोक हसत आणि हसता हसता ओशाळत. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, महाराजांच्या अंगावर मात्र चिंध्याच राहिल्या. प्रत्येक विनोदकाराने विरक्त व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. पण श्रोत्यांना खूष करणे आणि श्रोत्यांचे भले करणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यासपीठावर साधतात, एवढे त्या कीर्तनाने सिद्ध केले.

या सर्वांवर निमंत्रकांचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, नामवंत आला नाही तर गर्दी होत नाही आणि गर्दी झाली नाही तर देणग्या मिळत नाहीत. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कलावंताच्या नावावर संस्था उभ्या राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर एकट्याने उभी केली. आपल्या लेखनाच्या आणि प्रयोगांच्या उत्पन्नातून त्यांच्या प्रतिष्ठानाने पुढे अनेक सामाजिक व सांस्कृतिक संस्थांना हातभार लावला. मात्र तेथे लोक तिकीट काढून प्रयोग पाहण्यास येत, प्रयोग पुरेपूर होई आणि त्यातून उभा राहिलेला पैसा कामाकडे जाई. आजचा निमंत्रक याच कसोटीला उतरण्यास तयार आहे काय? पाहुण्यावर इतके खर्च झाले, त्याच्या येण्याने इतके जमले, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून तो सभासदांपुढे ठेवील काय? तसे तो करीत असेल तर त्याच्याशी भांडण उरत नाही. पण ते आकडे क्वचितच मांडले जातात आणि मग गर्दी हेच कामाचे प्रमाणपत्र मानले जाते. पाहुणा गेल्यावर सभागृहातील किती माणसे पुढील कार्यक्रमासाठी थांबतात, हे मोजले तरी त्या प्रमाणपत्राची किंमत कळून येईल.

उपाय अवघड नाहीत. समितीने नाव सुचविण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवावीत. पाहुणा येऊन काय करणार? ते काम गावातील, संस्थेतील दुसरे कोणी करू शकेल काय? आणि त्यासाठी कोणत्या खर्चाला कात्री लागणार? मानधनाची रक्कम सभासदांना व विद्यार्थ्यांना आधी कळावी. कलावंताला बोलवावयाचे तर त्याचा पूर्ण प्रयोग ठेवावा, त्याची रक्कम वेळेवर व पुरेपूर द्यावी, आणि ‘संस्था गरीब आहे’ अशी सबब स्थानिक शाहीर व भजनी मंडळांपुढेच तेवढी सांगू नये. ज्या संस्था नटाच्या अर्ध्या तासासाठी लाख मोजतात, त्याच संस्था सनईवाल्याशी पाचशे रुपयांवरून हुज्जत घालतात, हे दृश्य शोभादायक नाही. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींचा सन्मान लाभला. राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. पण त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. कलेचे मोल वेळेवर करण्याची सवय समाजाला नसली की नंतर पुरस्कारांना नावे द्यावी लागतात.

कोणतेही व्यासपीठ रिकामे राहत नाही. जेथे विषय, अभ्यास आणि नवोदितांचे धडपडणारे प्रयत्न यांना जागा नाकारली जाते, तेथे वलय येऊन बसते आणि त्याचे भाडे संस्थाच भरते. त्या व्यासपीठावर वर्षातून एक दिवस उभे राहण्याचा हक्क ज्या विद्यार्थ्याचा होता तो खाली उभा राहून हात उंचावीत छायाचित्र काढीत असेल, तर त्याने भरलेल्या शुल्काचा विनियोग कसा झाला, याचे उत्तर द्यावयास प्राचार्य, शिक्षक आणि समिती या सर्वांनाच बांधील मानले पाहिजे.