स्पॅममध्ये पडलेली ऑर्डर



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. "सर, ई-मेल उघडला की नुसता कचरा. हे बंद कसं करायचं?" एकाने तर सरळ सांगितलं, मी मेल बघणंच सोडलंय, सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. आजचं लिखाण खास त्याच्यासाठी, कारण व्हिडिओत हा विषय घाईत गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कचरा मेलमुळे आपलं नुकसान होतंच, पण छोट्या दुकानदाराचं त्याहून मोठं नुकसान त्या कचऱ्यात हरवलेल्या खऱ्या मेलमुळे होतं. हे बीबीएला कुणी शिकवलं नाही, गल्ल्यावर बसून कळलं.

कर्जतला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स, पिशव्या, टेप, मिठाईचे खोके. दोन वर्षांपूर्वी बारामतीकडच्या एका मसाल्याच्या युनिटने बॉक्सचे दर मागवले. माप, नग, कधीपर्यंत माल पाहिजे, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. तो मेल गेला स्पॅममध्ये. मला दिसला 26 व्या दिवशी, तेही दुसरंच काहीतरी शोधताना. लगेच फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, "अहो, तीन ठिकाणी मेल केला होता. दोघांचं उत्तर आलं, तुमचं नाही. माल पुण्याहून घेतला." 38 हजारांचं बिल होतं. आणखी चार दिवस गेले असते तर मला ते कळलंही नसतं, कारण स्पॅममधला मेल जीमेल 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

तेव्हापासून दुकान उघडलं, दिवाबत्ती झाली, की दोन मिनिटं स्पॅम फोल्डर. मेल उघडायचे नाहीत. फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय, वरून खाली नजर फिरवायची. खरा मेल सापडला तर 'नॉट स्पॅम' दाबायचं, म्हणजे त्या माणसाचा पुढचा मेल बहुतेक इनबॉक्समध्ये येतो.

आता हा कचरा येतो कुठून? अर्धा तर आपणच बोलावलेला असतो. मॉलच्या काउंटरवर बिल करताना, प्रदर्शनाच्या रजिस्टरमध्ये, "फ्री पीडीएफ मिळवा" अशा फॉर्मवर आपण धंद्याचा पत्ता टाकून मोकळे होतो. आपल्या कर्जतवाल्यांना वरून एक बोनस मिळतो. रायगडच्या कर्जतचे मेल आपल्याकडे! "डिअर रिसॉर्ट ओनर" म्हणून मला स्विमिंग पूलच्या फिल्टरचं कोटेशन आलेलं आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा आपला तालुका, आणि म्हणे स्विमिंग पूल.

यावर माझा साधा उपाय म्हणजे दोन पत्ते ठेवा. एक फक्त गिऱ्हाईक, बँक, जीएसटी आणि उद्यमसाठी. दुसरा मॉल, ॲप, ऑफर, असल्या सगळ्या भानगडींसाठी. दुसरा पत्ता कितीही भरला तरी पहिला स्वच्छ राहतो. हे जमलं की निम्मं काम झालं.

'अनसबस्क्राइब' दाबायचं की नाही, यावर लोक फार गोंधळतात. ओळखीची कंपनी असेल, तुम्ही कधीतरी खरेदी केली असेल, तर बिनधास्त दाबा. जीमेलवर दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावी, असा नियम गूगलने 2024 मध्ये आणला. पण पाठवणारा अनोळखी असेल तर आतल्या कुठल्याच लिंकला हात लावू नका. तुम्ही क्लिक केलं की त्याला कळतं, हा पत्ता चालू आहे, इथे माणूस बसलाय. अशा वेळी सरळ 'रिपोर्ट स्पॅम'.

"सर, डीएनडी लावलं तर?" हाही प्रश्न येतो. ट्रायचं 1909 हे कॉल आणि एसएमएससाठी आहे, ई-मेलसाठी नाही. आपल्याकडे आयटी कायद्याच्या 66-अ कलमात त्रासदायक आणि फसव्या ई-मेलबद्दल एक तरतूद होती, पण ते कलमच सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. ते रद्द झालं ते बरंच झालं, फेसबुकवर काही लिहिलं म्हणून लोकांना अटक होत होती. पण अमेरिकेत 2003 पासून आहे तसा नकोशा मेलसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तेव्हा आपली चाळणी आपल्यालाच धरावी लागते.

खरी भीती दिसायला कचरा नसलेल्या मेलची आहे. मिरजगावकडच्या एक ताई पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करतात. त्यांना मेल आला: "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन बाद होणार, आजच नूतनीकरण करा." त्यांनी 2,999 रुपये भरले आणि मग मला फोन केला. मित्रांनो, नीट लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, सरकारी वेबसाइटवर एक रुपया लागत नाही. सरकारी म्हणवणारा मेल आला की @ च्या पुढचा पत्ता बघा आणि तो शेवटापासून वाचा. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर मेलमधलं काहीच दाबू नका, खरं-खोटं आपल्या सीएला किंवा थेट सरकारी वेबसाइटवर विचारा. आणि शेवट बरोबर दिसला तरी पैसे मेलमधल्या लिंकवरून भरायचे नाहीत, वेबसाइट स्वतः उघडायची.

"आम्ही लहान, आम्हाला कोण फसवणार" असं म्हणू नका, आणि "आम्ही शहाणे, आम्ही फसणार नाही" असंही नको. ओएनजीसीसारख्या कंपनीच्या बाबतीत 2015 मध्ये हे घडलं. खऱ्या पत्त्यात 'ओएनजीसी', भामट्यांच्या पत्त्यात 'ओजीएनसी'. फक्त दोन अक्षरं मागे-पुढे. त्या खोट्या पत्त्यावरून सौदी अरेबियातल्या गिऱ्हाईक कंपनीला कळवलं गेलं, की आमचं बँक खातं बदललंय. सुमारे 197 कोटी रुपये भलतीकडे गेले आणि प्रकरण मुंबईच्या सायबर पोलिसांकडे आलं. आपल्या धंद्यात हाच डाव 40 हजारांचा असेल, एवढाच फरक. म्हणून सप्लायरचा "खातं बदललंय" असा मेल आला, की मेलवरच्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 ला फोन लावा. ताईंना मी तेच करायला लावलं, पण त्यांनी मला सांगेपर्यंत आठ दिवस होऊन गेले होते.

आता थोडं कडू बोलतो. माझ्यासारखेच काही ट्रेनर तुम्हाला "499 रुपयांत 5 लाख ई-मेलचा डेटाबेस" विकतात. घेऊ नका. मी घेतला होता, नवीन असताना. दिवाळीच्या बॉक्सचे दर दोन हजार अनोळखी लोकांना पाठवायला बसलो. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 च्या पुढे मेल जात नाहीत, हे मला खातं अडकल्यावर कळलं. ऑर्डर आली शून्य. वर कितीतरी जणांनी मला स्पॅम ठरवलं असणार, कारण पुढचे काही महिने माझी खरी कोटेशनंही गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये सापडायची. म्हणजे बारामतीवाल्या साहेबांचं जे माझ्याकडे झालं, तेच मी माझ्या हाताने माझ्या मेलचं करून घेतलं होतं.

कोणी सांगेल, असल्या मेलने विक्री होते. झाली होती, 1978 मध्ये! गॅरी थ्युर्क नावाच्या अमेरिकन मार्केटिंगवाल्याने 3 मे 1978 ला सुमारे 400 जणांना कॉम्प्युटरच्या जाहिरातीचा एकच मेल पाठवला. तक्रारी झाल्या, पण विक्रीही झाली असं तो सांगायचा. झाली असेल, कारण तोवर असा मेल कुणी पाहिलाच नव्हता. आज तुमचा मेल त्या दिवसातला कितवा असेल, तुम्हीच विचार करा.

मी आता काउंटरवर एक वही ठेवलीय. गिऱ्हाइकाला विचारतो, "दरपत्रक मेलवर पाठवू का?" हो म्हणाले तरच पत्ता लिहून घेतो. 140 नावं झालीत. वर्षातून चार मेल, तेवढेच. मागच्या दिवाळीला तिघांनी "नको" असं कळवलं, तिघांची नावं त्याच दिवशी खोडली. त्यातले एक काका अजूनही दर पंधरा दिवसांनी पिशव्या न्यायला येतात आणि भाव तोंडीच विचारतात.