अखंड बिल्ला, निनावी हाडे

१/ युद्धभूमीतून उकरलेले जर्मन सैनिकांचे ओळखबिल्ले विकत घेणे म्हणजे इतिहासाचे जतन, हा दावा मला मान्य नाही.

२/ दुसऱ्या महायुद्धातील हा लंबगोल बिल्ला मधोमध छिद्रे पाडून दुभागलेला असे. दोन्ही भागांवर मजकूर एकच: तुकडी, क्रमांक, बहुधा रक्तगट. नाव नसे. सैनिक मेला की खालचा भाग तोडून नोंदीसाठी पाठवायचा. वरचा देहासोबत राहायचा.

३/ म्हणूनच अवशेषांपाशी अखंड बिल्ला सापडला, तर त्या मृत्यूची नोंद बहुधा झालेलीच नसते. संग्राहक जिला ‘उत्तम स्थिती’ म्हणतो, ती एका बेपत्ता माणसाची अखेरची खूण असते.

४/ क्रमांकावरून नाव शोधण्याच्या याद्या आज जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात आहेत. पण बिल्ला विकला गेला, की नाव कागदावर उरते आणि हाडे निनावी होतात.

५/ ‘हिटलरच्या फौजेची एवढी कणव कशाला?’ ओळख पटवणे म्हणजे गौरव नव्हे. कोण कोणत्या तुकडीत होता, हेच पुसले गेले तर गुन्ह्यांचा जाब कोणाच्या नावे मांडणार?

६/ जागेपासून तोडलेला बिल्ला हा पुरावा उरत नाही. उरतो तो जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याला किंमत देणारा प्रत्येक जण पुढच्या उकरणाऱ्याच्या हाती कुदळ देतो.